वाढदिवस सव्वीस जुलैचा

खास प्रतिनिधी

मुंबईत कुणालाही आपली जन्मतारीख २६ जुलै असल्याचे सांगितले, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. बँकेतील कर्मचारी अर्जावरची नजर वर उचलतो, दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाई पेन थांबवतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो : ‘तेव्हा कुठे होतात तुम्ही?’ ‘तेव्हा’ म्हणजे कधी, हे विचारावे लागत नाही.

वर्ष गाळून नुसती तारीख सांगितली तरी सर्वांना कळावे, असे भाग्य म्हणा की दुर्भाग्य म्हणा, फार थोड्या तारखांच्या वाट्याला येते. २६ जुलैला मुंबईत ते २००५ च्या पावसाने मिळवून दिले. मात्र हीच तारीख कोल्हापुरात उच्चारली तर तेथील जाणकारांना १९०२ साल आठवते आणि सैनिकाच्या घरात १९९९. कैरो शहरात तर ‘२६ जुलै’ नावाचा एक मोठा रस्ता आहे. क्युबात हा राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. या कशाशीही आपला काडीचा संबंध नसताना प्रस्तुत लेखकाचा जन्म २६ जुलै १९८९ रोजी झाला.

आपल्या वाढदिवशी इतिहासात काय काय घडले, हे शोधण्याचा छंद बहुतेकांना शाळेत लागतो. फळ्यावर सुविचार आणि त्याखाली दिनविशेष लिहिण्याची आपल्याकडची जुनी पद्धत. ज्याची पाळी असेल तो मुलगा आदल्या रात्री वर्तमानपत्रातली दिनविशेषाची चौकट कापून ठेवतो. माझ्या वाट्याला तेव्हा जॉर्ज बर्नार्ड शॉ आले. जन्म २६ जुलै १८५६, डब्लिन. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५) आणि कादंबरीकार ऑल्डस हक्सली (१८९४) हेही याच तारखेचे, पण दहा वर्षांच्या मुलाला त्यांचे काय कौतुक? खरे सांगायचे तर शॉचेही नव्हते. एखादा क्रिकेटपटू मिळाला असता तर बरे झाले असते, असे वाटल्याचे स्मरते. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की महिलांच्या क्रिकेट सामन्याची पहिली ज्ञात नोंद २६ जुलै १७४५ ची आहे. इंग्लंडमधील गिल्डफर्डजवळ दोन गावांच्या मुलींमध्ये तो झाला. ती माहिती फळ्याच्या वयात मिळायला हवी होती.

वर्षाचे दिवस ३६५ आणि नोंदला गेलेला इतिहास हजारो वर्षांचा. प्रत्येकाच्या तारखेवर काही राजे मरतात, काही कवी जन्मतात, एखादे जहाज बुडते. त्यात नवल नाही. वर्गात केवळ २३ मुले असली, तरी त्यांतील कुठल्या तरी दोघांची जन्मतारीख एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे गणिताचे शिक्षक सांगतात तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही. तेव्हा तारीख जुळणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. ती का जुळली, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. काही वेळा उत्तर ‘निव्वळ योगायोग’ असे येते. काही वेळा मात्र कुणी तरी ती तारीख हेतुपुरस्सर निवडलेली असते, काही वेळा ऋतूने ती ठरवलेली असते, आणि काही वेळा ती चक्क चुकीची असते.

तारीख खरी कशावरून?

आधी चुकीच्या तारखांविषयी. महाराष्ट्रात सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी माणसांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून असतो. एका गावात एवढी मुले एकाच दिवशी जन्मली, असा त्याचा अर्थ नाही. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. दाखल्यासाठी आईवडील मुलाला घेऊन येत, जन्मतारीख सांगू शकत नसत, आणि गुरुजी वयाच्या हिशेबात बसेल असे साल धरून १ जून लिहून मोकळे होत. आईला विचारले तर ती ‘मोठ्या पुराच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे सांगे. म्हणजे तिच्यापाशी तारीख होती, पण ती रजिस्टरात मावणारी नव्हती. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. जन्माची खबर २१ दिवसांत देण्याची आजची पद्धत त्याखालचीच. या कायद्यानंतर जन्मलेल्यांनी आपल्या तारखेची खात्री बाळगायला हरकत नाही. त्याआधीच्यांनी दिनविशेष पाहून फार हरखून जाऊ नये.

थोरामोठ्यांच्या तारखाही या घोळातून सुटत नाहीत. शिवाजीमहाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जेधे शकावलीमुळे पुढे आली. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी सांगितली जाते आणि राज्य शासनाने २००१ मध्ये तीच स्वीकारली. पण ती तारीख त्या काळच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगानुसार आहे. आज आपण जे कॅलेंडर भिंतीवर लावतो त्याच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या हिशेबाची. तेव्हा रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन ज्या देशाचा होता, तो देश १७५२ पर्यंत जुनेच पंचांग वापरत होता. त्या वर्षी इंग्लंडात २ सप्टेंबरला झोपलेली माणसे १४ सप्टेंबरला उठली. मधले अकरा दिवस कायद्याने रद्द झाले होते. त्या अकरा दिवसांत ज्यांचा वाढदिवस असेल, त्यांनी त्या वर्षी काय केले असेल?

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांची गोष्ट निराळीच. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे साल चारने भाग जात असूनही लीप वर्ष नव्हते. त्यामुळे त्यांच्या तारखेचा पहिला खरा वाढदिवस उगवला तो थेट आठव्या वर्षी, १९०४ मध्ये.

माझ्या तारखेजवळही एक घोळ आहे. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा १८५६ चा पंधरावा कायदा दिनविशेषांच्या याद्यांत कुठे १६ जुलैला, कुठे २५ ला, तर कुठे २६ जुलैला दाखवलेला आढळतो. कायद्याच्या छापील संहितेवर २५ जुलै ही तारीख आहे. एवढा मोठा कायदा आपल्या वाढदिवशी झाला, असे वर्षानुवर्षे समजून चाललेल्या माणसाला ते पान पाहून थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे.

सत्तावीस तारखेचा अंक

जन्माच्या दिवशी जगात काय चालले होते, हे पाहायचे असेल तर एक साधी सूचना : जन्मतारखेचा अंक काढू नका, दुसऱ्या दिवशीचा काढा. वर्तमानपत्रात छापली जाते ती आदल्या दिवसाची हकीकत. मोठ्या ग्रंथालयांत जुन्या अंकांचे बांधीव खंड असतात. काही ठिकाणी त्यांच्या सूक्ष्मपटावरील प्रती असतात आणि तेथील कर्मचाऱ्यांना अशा वाढदिवसवाल्यांची सवय असते.

१९८९ चे जुलैअखेरचे अंक मी असेच एका दुपारी बसून चाळले. त्या आठवड्यात दोन विषयांनी पाने व्यापली होती. बोफोर्स प्रकरणी महालेखापालांचा अहवाल संसदेत आला होता आणि २४ जुलैला विरोधी पक्षांच्या बहुसंख्य खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले होते. दुसरा विषय पावसाचा. त्याच २४ जुलैला रायगड जिल्ह्यात अंबा नदीला महापूर आला आणि जांभूळपाडा, नागोठणे या गावांवर आकाश कोसळले. माझी आई कल्याणच्या माहेरून मुंबईच्या रुग्णालयात कशी पोहोचली, गाड्या कशा रखडल्या होत्या, हे घरात शंभरदा ऐकलेले पुराण होते. त्याला अतिशयोक्तीचा वास येत असे. अंक पाहिल्यावर तो गेला.

२६ तारखेची म्हणून एक बातमी मात्र तेव्हा आपल्याकडे फारशा कुणाच्या लक्षात येण्याजोगी नव्हती. अमेरिकेत रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्यावर त्या दिवशी आरोप ठेवण्यात आले. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरील हजारो संगणक जखडून टाकले होते. संगणकाच्या गैरवापराविरुद्धच्या तेथील नव्या कायद्याखाली दाखल झालेला तो पहिला खटला. आज पासवर्ड विसरणाऱ्या आणि फसव्या दुव्यांवर बोट ठेवणाऱ्या माझ्यासारख्याच्या जन्मदिवशी हे घडावे, हा मात्र निव्वळ योगायोग.

निवडलेली तारीख

कैरोतील रस्त्याची गोष्ट तशी नाही. इजिप्तचा राजा फारुक याला लष्करी अधिकाऱ्यांनी २६ जुलै १९५२ रोजी सिंहासन सोडायला लावले आणि त्याच संध्याकाळी अलेक्झांड्रियाच्या बंदरातून त्याची नौका कायमची निघून गेली. बरोबर चार वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच शहरात त्याच तारखेला अध्यक्ष नासेर भाषणाला उभे राहिले. आस्वान धरणाला द्यायचे कर्ज अमेरिकेने आठवडाभरापूर्वी नाकारले होते. भाषणात त्यांनी सुएझ कालव्याचा निर्माता फर्दिनांद द लेसेप्स याचे नाव घेतले, आणि पुन्हा पुन्हा घेतले. ऐकणाऱ्यांना ते वक्तृत्व वाटले. प्रत्यक्षात तो संकेत होता. रेडिओवर ते नाव कानी पडताच ठरलेल्या तुकड्यांनी कालवा कंपनीच्या कचेऱ्यांचा ताबा घ्यायचा होता. भाषण संपेपर्यंत कालवा इजिप्तचा झाला होता.

या कालव्याशी मुंबईचेही नाते जुने आहे. १८६९ मध्ये तो खुला झाल्यावर युरोपची वाट आफ्रिकेचा वळसा सोडून अरबी समुद्राकडे वळली आणि मुंबई बंदराचे नशीब पालटले. अर्थात नासेर यांच्या मनात तेव्हा मुंबई असण्याचे कारण नव्हते. त्यांना राजाच्या गच्छंतीचा वर्धापनदिन हवा होता. तारीख त्यांनी निवडली.

क्युबाची तारीखही निवडलेलीच, पण कारण अगदी व्यावहारिक. सँतियागो शहरात जुलैच्या अखेरीस कार्निव्हलचा मोठा जल्लोष असतो. रात्रभर नाचगाणी आणि मद्यपान झाल्यावर पहाटे मोंकादा छावणीतील सैनिक गाफील सापडतील, असा फिडेल कॅस्ट्रो यांचा हिशेब होता. २६ जुलै १९५३ च्या पहाटे दीडशेच्या आसपास तरुणांनी हल्ला केला. तो साफ फसला. पुष्कळजण मारले गेले, कॅस्ट्रो तुरुंगात गेले. पुढे १९५५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी आपल्या चळवळीला नाव दिले ते या फसलेल्या दिवसाचे. १९५९ मध्ये सत्ता आली ती त्याच नावाच्या चळवळीच्या हाती. विजयाच्या तारखेपेक्षा पराभवाची तारीख मिरवणारे देश फार नसतील.

१९४५ च्या २६ जुलैला मात्र कुणी काही निवडले नव्हते, तरी जगाच्या इतिहासात त्या दिवसाइतका गच्च भरलेला दिवस क्वचितच सापडेल. ब्रिटनमध्ये मतदान ५ जुलैलाच झाले होते. पण जगभर पसरलेल्या सैनिकांची मते गोळा होईपर्यंत तीन आठवडे गेले आणि मोजणी २६ ला झाली. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. युद्ध जिंकून देणारे चर्चिल त्याच संध्याकाळी पायउतार झाले आणि ॲटली पंतप्रधान झाले. त्याच दिवशी पॉट्सडॅम येथून जपानला बिनशर्त शरणागतीचा निर्वाणीचा इशारा देण्यात आला. आणि त्याच दिवशी, जगाला पत्ता नसताना, ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकी युद्धनौका पॅसिफिक महासागरातील टिनियन बेटावर अणुबाँबचे भाग उतरवत होती. ६ ऑगस्टला हिरोशिमा बेचिराख झाले. ॲटली सरकारच्या काळात दोन वर्षांनी भारत स्वतंत्र झाला. लंडनमधील मोजणीची ती दुपार आपल्या शालेय पुस्तकांत एका ओळीतही का येत नाही, कोण जाणे.

कलकत्ता आणि कोल्हापूर

आपल्या देशातील दोन घटना या यादीत मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. त्यांतली पहिली फारशी कुणाला आठवत नाही. काँग्रेसची स्थापना १८८५ ची. तिच्या नऊ वर्षे आधी, २६ जुलै १८७६ रोजी, कलकत्त्याच्या आल्बर्ट हॉलमध्ये ‘इंडियन असोसिएशन’ या संस्थेची स्थापना झाली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस हे तिचे प्रमुख संस्थापक. जमीनदारांच्या पलीकडे जाऊन शिकलेल्या मध्यमवर्गाला राजकारणात आणण्याचा तो प्रयत्न होता. सुरेंद्रनाथांनी आत्मचरित्रात त्या दिवसाची हकीकत नोंदवली आहे. त्या दिवशी सकाळी त्यांचा लहानगा मुलगा वारला. तरीही संध्याकाळी ते सभेला गेले. सभेत स्थापनेला विरोध होण्याची चिन्हे होती आणि आपण असणे आवश्यक आहे, असे त्यांना वाटले. दिनविशेषाच्या चौकटीत एवढेच छापून येते : ‘१८७६ – इंडियन असोसिएशनची स्थापना.’ त्या घरात ही तारीख पुढे कशी पाळली गेली असेल?

दुसरी घटना कोल्हापूरची. १९०२ च्या उन्हाळ्यात छत्रपती शाहूमहाराज इंग्लंडमध्ये होते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते गेले होते आणि राजाच्या आजारपणामुळे तो समारंभ लांबणीवर पडला होता. महाराज परदेशात असतानाच करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये २६ जुलैला एक आदेश प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी किमान निम्म्या जागांवर मागासलेल्या वर्गांतील उमेदवार नेमावेत, असा तो आदेश. मागासलेले म्हणजे कोण, हे उलट बाजूने सांगितले होते : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे. ज्या खात्यांत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक याच वर्गांतून व्हावी, असेही त्यात होते.

या आदेशातले एक बारीक कलम मला नेहमी थबकवते. सर्व खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे त्यात बजावले आहे. इरादे जाहीर करणारे राज्यकर्ते पुष्कळ होऊन गेले. तिमाही हिशेब मागणारे थोडे. हुकूम काढून महाराज स्वस्थ बसणार नव्हते, हे त्या एका वाक्यावरून खातेप्रमुखांना कळले असणार.

गमतीची गोष्ट अशी, की जुन्या काही पुस्तकांत खुद्द शाहूमहाराजांची जन्मतारीखही २६ जुलै १८७४ अशीच दिलेली आढळते. आता २६ जून १८७४ ही तारीख मान्य आहे आणि राज्यात २६ जून हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे महाराजांशी तारीख जुळण्याचा माझा दावा निकालात निघाला. आदेशाची तारीख मात्र पक्की आहे.

डोंगरावर आणि मिठीकाठी

मी दहा वर्षांचा झालो त्या दिवशी, २६ जुलै १९९९ रोजी, कारगिलमधील सर्व घुसखोरांना हुसकावून लावल्याचे लष्कराने जाहीर केले. ‘ऑपरेशन विजय’ यशस्वी झाल्याची घोषणा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी १४ जुलैलाच केली होती. तोलोलिंग जूनच्या मध्यावर, टायगर हिल जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत मिळाले होते. युद्ध एका दिवशी संपत नाही. ते संपले असे म्हणण्यासाठी मात्र एक दिवस लागतो. ५२७ सैनिक व अधिकारी त्यात कामी आले. शाळेत त्या वर्षी प्रार्थनेनंतर दोन मिनिटे उभे राहिल्याचे आठवते. मी खिशात वर्गात वाटायच्या गोळ्या घेऊन उभा होतो आणि त्या वाटाव्यात की नाही, हे कुणाला विचारावे ते कळत नव्हते.

आणि मग २००५.

मंगळवार होता. सोळावे पूर्ण होणार म्हणून आईने संध्याकाळी शेजारच्या चार घरांना बोलावले होते. आम्ही तेव्हा कालिन्याला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दुपारी दोननंतर पावसाने जो जोर धरला तो रात्रीपर्यंत सोडला नाही. समुद्रालाही त्याच दुपारी साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वर्षभराच्या सरासरीच्या एक तृतीयांशाहून अधिक पाऊस एका दिवसात. त्याच वेळी कुलाब्याच्या वेधशाळेतील आकडा होता ७३.४ मिलिमीटर. फोर्टात कचेरी असलेल्या माझ्या वडिलांना संध्याकाळी पाचपर्यंत कल्पनाही नव्हती, की उपनगर बुडते आहे. मी माटुंग्याच्या महाविद्यालयातून चालत निघालो आणि रात्री साडेदहाला चाळीच्या जिन्यावर पोहोचलो. वडील दुसऱ्या दिवशी दुपारी आले.

त्या पावसाने मुंबईत चारशेहून अधिक आणि राज्यात हजाराहून अधिक माणसे गेली. साकीनाक्याला वस्तीवर दरड कोसळली. महाड तालुक्यात जुई, दासगाव ही गावे त्याच दिवसांत डोंगराखाली गाडली गेली. विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद होता. आपल्या शहरातून मिठी नावाची नदी वाहते, हे अनेक मुंबईकरांना त्या आठवड्यात प्रथमच समजले. विहार व पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत येणारी ही नदी भराव, वस्त्या आणि बांधकामांनी आवळून टाकली होती. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला, मिठीसाठी प्राधिकरण नेमले गेले आणि नाल्यांच्या रुंदीकरणाची १९९३ पासून पडून असलेली योजना पुन्हा बाहेर निघाली.

या ठिकाणी योगायोगाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. १९८९ चा अंबा नदीचा पूर २४ जुलैचा. २०१४ मध्ये माळीण गेले ते ३० जुलैला. २०२१ मध्ये महाडचे तळिये २२ जुलैला आणि २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलैला. जुलैचा उत्तरार्ध म्हणजे कोकण आणि सह्याद्रीवर मोसमी पावसाचा भर. महिनाभर भिजलेली माती तोवर तुडुंब झालेली असते. जुलैच्या शेवटी वाढदिवस असणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाच्या दिनविशेषात दरडी आणि पूर येणारच. तो ग्रहांचा खेळ नाही.

एक तपशील पत्रकारितेत आल्यावर समजला. हवामान खाते पाऊस मोजते तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा, आणि तो लिहिते ज्या दिवशी मोजला त्या दिवसाच्या नावावर. त्यामुळे खात्याच्या तक्त्यात ते ९४४.२ मिलिमीटर २६ जुलैसमोर नाहीत. ते २७ जुलै २००५ या तारखेसमोर आहेत.

तारीख आणि तिथी

त्या रात्री आमच्या चाळीच्या तळमजल्यावरचे एक आजोबा गेले. पाणी खिडकीपर्यंत चढले तेव्हा आजींना वर आणून ते औषधांचा डबा घ्यायला पुन्हा खाली उतरले होते. पुढच्या वर्षी २६ जुलै जवळ आली तशी आई अस्वस्थ झाली. तळमजल्यावर त्या माणसाचे वर्षश्राद्ध आणि वर आपण निरांजन लावायचे, हे तिला पटेना. तिने काहीच करायचे नाही असे ठरवले. संध्याकाळी आजी स्वतःच नारळाच्या वड्या घेऊन वर आल्या आणि ‘अजून ओवाळलं कसं नाही पोराला?’ म्हणून आईलाच रागावल्या. त्यांच्या घरचे श्राद्ध तर तिथीने होऊन गेलेले होते. आमच्या ते ध्यानातच आले नव्हते.

तिथी आणि तारीख यांची फारकत कशी होते, हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यांची भेट कधी होते ते फार जणांना माहीत नसते. बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून तिथी दर वर्षी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे ढकलली जाते. हा सारा हिशेब दर १९ वर्षांनी जवळजवळ पूर्ण जुळतो, कारण १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांच्यात केवळ दोन तासांचा फरक आहे. वाचकांपैकी ज्यांना आपला तिथीचा आणि तारखेचा वाढदिवस एकत्र पाहायचा असेल, त्यांनी १९, ३८, ५७ आणि ७६ ही वर्षे लक्षात ठेवावीत. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. जुने पंचांग हाताशी असेल तर सणांवरून पडताळा घेता येतो. १९८९ मध्ये गुरुपौर्णिमा १८ जुलैला होती आणि २००८ मध्येही १८ जुलैलाच.

२००५ मध्ये गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. १९ वर्षांनी, २०२४ मध्ये, ती पुन्हा २१ जुलैलाच आली. त्या वर्षी २६ जुलैला शुक्रवार होता. चाळ पाडून तेथे इमारत उभी राहिली आहे आणि आम्ही व आजी एकाच मजल्यावर राहतो. सकाळी त्यांच्याकडे पाने वाढली, त्यांत एक माझे होते. संध्याकाळी आजी काठी टेकत समोरच्या दारातून आल्या. हातात नारळाच्या वड्यांचा डबा होता.